एकच विकर बिघडले तर एक संप्रेरक कमी आणि दुसरे जास्त कसे होते? २१-हायड्रॉक्सिलेज आणि स्टेरॉइड संप्रेरकांचा मार्ग

प्रश्न: अभ्यासिका

सर्वांना नमस्कार. मी जैवरसायनशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे, परंतु हा प्रश्न परीक्षेसाठी विचारत नाही. माझा भाचा अडीच महिन्यांचा आहे. जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या चाचणीत त्याचे १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (कॉर्टिसोल बनण्याच्या वाटेवरचा एक मधला रेणू) पुष्कळ वाढलेले आढळले, पुढील तपासण्यांत २१-हायड्रॉक्सिलेज या विकराची (एन्झाइमची) कमतरता निश्चित झाली आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्याला हायड्रोकॉर्टिसोन व फ्लुड्रोकॉर्टिसोन ही कमी पडणाऱ्या संप्रेरकांची जागा घेणारी औषधे आणि दुधाबरोबर थोडे मीठ देणे सुरू आहे. बाळ आता चांगले आहे, वजनही वाढते आहे. घरात या विषयाचे शिक्षण घेतलेली मी एकटीच असल्यामुळे ताई आणि भाऊजी सगळ्या शंका मलाच विचारतात.

पाठ्यपुस्तकातला तक्ता माझ्या वहीत आहे. कोलेस्टेरॉलपासून निघणारे बाण आणि प्रत्येक बाणावर विकराचे नाव, हे सारे मला पाठ आहे. मात्र ताईला समजावून सांगायला बसले तेव्हा लक्षात आले की मला बाण येतात, त्यांच्यामागची कारणे येत नाहीत. मी तिला सांगितले की ओढ्यावर बांध पडला की पाणी दुसऱ्या वाटेने जाते, तसे कॉर्टिसोल या ताणाला तोंड देणाऱ्या संप्रेरकाची वाट अडली म्हणून पुरुष-संप्रेरके वाढतात. पण हे चित्र कितपत खरे आहे याची मलाच खात्री नाही.

दुसरी अडचण अशी की कॉर्टिसोल आणि शरीरातील मीठ टिकवणारे अल्डोस्टेरॉन या दोघांच्याही वाटेवर हेच विकर लागते. तरीही निदानाच्या वेळी, औषधे सुरू होण्यापूर्वी, बाळाचे सोडियम आणि पोटॅशियम मर्यादेत होते, फक्त रेनिन (अल्डोस्टेरॉन वाढवायला लावणारा मूत्रपिंडाचा संकेत) किंचित वाढलेले होते. एकच विकर दोन कामांपैकी एकात नापास आणि दुसऱ्यात जेमतेम पास कसे होते?

तिसरी शंका जनुकीय अहवालाची आहे. हे विकर बनवणाऱ्या सीवायपी२१ए२ या जनुकात दोन बदल सापडले आहेत: एक दुसऱ्या इंट्रॉनमधला (इंट्रॉन म्हणजे जनुकाच्या आरएनए प्रतीतून कापून टाकला जाणारा भाग), आणि दुसरा प्रथिनाच्या १७३ व्या जागी आयसोल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी ॲस्परॅजीन आणणारा. जुन्या लेखांत मात्र १७२ वी जागा दिसते. अहवालाच्या शेवटी, शेजारी तंतोतंत सारखे दिसणारे छद्मजनुक (जनुकाची निकामी प्रत) असल्यामुळे आईवडिलांचे नमुनेही पाठवावेत, असे लिहिले आहे. बाळाचे निदान झालेले असताना आईवडिलांच्या रक्ताची गरज काय, असे भाऊजींनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

उत्तर: रसायनवाट

तुमची बांधाची उपमा अर्धी बरोबर आहे आणि उरलेली अर्धी दुरुस्त केली तर सगळे चित्र स्पष्ट होते. मी अनेक वर्षे हा तक्ता शिकवला आहे आणि मुलांच्या मनात नेमका इथेच गोंधळ होतो, कारण तक्त्यातले सगळे बाण सारख्याच जाडीचे काढलेले असतात आणि ते एकाच पेशीत आहेत असे वाटते.

सुरुवातीपासून पाहू. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन असतात. संप्रेरक बनवण्यासाठी ते प्रथम पेशीतील तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) बाह्य पटलावरून आतल्या पटलावर पोहोचावे लागते आणि हे काम स्टार नावाचे प्रथिन करते. तिथे सीवायपी११ए१ हे विकर एकापाठोपाठ तीन टप्प्यांत बाजूची साखळी तोडते, सहा कार्बनचा तुकडा गळून पडतो आणि २१ कार्बनचे प्रेग्नेनोलोन उरते. मूत्रपिंडावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीत दर मिनिटाला किती स्टेरॉइड बनेल हे प्रामुख्याने या पहिल्या पावलावर ठरते आणि त्या पावलावर पियुषिका ग्रंथीतून येणाऱ्या एसीटीएच या संप्रेरकाचे नियंत्रण असते.

आता भाच्याच्या ग्रंथीत काय घडते ते पाहा. कॉर्टिसोल पुरेसे बनत नाही. रक्तातील कॉर्टिसोल हाच पियुषिकेला थांबवणारा संकेत असल्यामुळे तो संकेत क्षीण होतो, एसीटीएच वाढते, आणि ते गर्भावस्थेपासूनच वाढलेले असल्यामुळे ग्रंथी आकारानेही मोठी होते. या विकाराला जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी म्हणतात ते याचमुळे. म्हणजे बांध पडला इतकेच नव्हे, तर बांधापलीकडे पाणी पोहोचत नाही म्हणून उगमाशी कोणीतरी सतत अधिक पाणी सोडत आहे. हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर पुरुष-संप्रेरके का उतरतात, याचेही उत्तर यातच आहे: औषध बांध काढत नाही, ते उगमाचे दार थोडे मिटवते.

आता जास्तीचे पाणी कोणत्या वाटेने जाते, हा खरा रंजक भाग. २१-हायड्रॉक्सिलेजच्या अलीकडे १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन साचते, आणि तेच थेट अँड्रोस्टेनडायोन या पुरुष-संप्रेरकात बदलते असे पुष्कळ तक्ते दाखवतात. मानवात ही वाट फार अरुंद आहे. सीवायपी१७ए१ हे एकच विकर दोन प्रक्रिया करते: प्रथम १७ व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल बसवणे आणि नंतर १७ व २० या कार्बनमधला बंध तोडणे. दुसरी प्रक्रिया माणसाचे विकर १७-हायड्रॉक्सिप्रेग्नेनोलोनवर सहज करते, १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनवर फारच संथपणे करते, शिवाय त्यासाठी सायटोक्रोम बी५ या प्रथिनाची साथ लागते. म्हणून एसीटीएचच्या रेट्याखाली मुख्य लोंढा प्रेग्नेनोलोनकडून डीएचईए (पुरुष-संप्रेरकांचा कच्चा माल) आणि तिथून अँड्रोस्टेनडायोन असा वाहतो. साचलेले १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे निदानाचे चिन्ह म्हणून उत्तम आहे, पण पुरुष-संप्रेरकांचा सर्वात मोठा पुरवठादार ते नाही.

त्या साचलेल्या रेणूसाठी एक आडवाट मात्र आहे. ५-अल्फा-रिडक्टेज प्रकार १ आणि एकेआर१सी कुळातील विकरे त्याचे टप्प्याटप्प्याने क्षपण करतात आणि टेस्टोस्टेरॉन या थांब्यावर न उतरता थेट डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनते. ही मागच्या दाराची वाट प्रथम टॅमर वॉलबी या ऑस्ट्रेलियातील प्राण्याच्या पिल्लांत उलगडली आणि पुढे मानवी गर्भातही तिचे महत्त्व दिसले. त्याशिवाय अँड्रोस्टेनडायोनवर सीवायपी११बी१ हे विकर ११ व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल बसवते आणि त्यापासून पुढे ११-कीटोटेस्टोस्टेरॉन बनते. माशांमध्ये हे मुख्य पुरुष-संप्रेरक म्हणून फार पूर्वीपासून माहीत होते. माणसात त्याला दुय्यम मानले गेले, पण पुरुष-संप्रेरकाच्या ग्राहीला (संप्रेरक ज्याला जाऊन चिकटते त्या पेशीतील प्रथिनाला) ते टेस्टोस्टेरॉनच्या तोडीने चेतवते आणि २१-हायड्रॉक्सिलेजच्या कमतरतेत त्याचे प्रमाण बरेच वाढलेले असते.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. सीवायपी म्हणजे सायटोक्रोम पी४५०, आणि हे नाव या रंगद्रव्याने कार्बन मोनॉक्साइडच्या सान्निध्यात ४५० नॅनोमीटरला प्रकाश शोषला म्हणून पडले. मानवात या कुळाची ५७ कार्यक्षम जनुके आहेत आणि त्यांतील बहुसंख्य औषधे, विषे, मेदाम्ले अशा शेकडो रेणूंवर काम करतात. परंतु या कुळाचे काम काय, हे १९६३ साली प्रथम सिद्ध झाले ते अधिवृक्क ग्रंथीतील याच २१-हायड्रॉक्सिलेजवर. तुमच्या भाच्याला ज्या विकराची उणीव आहे, त्यानेच या संपूर्ण शास्त्राचा दरवाजा उघडला.

उत्तर: जनुकवाचन

अहवालाबद्दल मी लिहिते, कारण असे अहवाल तयार करणे हेच माझे काम आहे.

आधी १७२ आणि १७३ चा प्रश्न. या प्रथिनाच्या अगदी सुरुवातीला ल्युसीनची एक छोटी रांग आहे आणि वेगवेगळ्या व्यक्तींत त्या रांगेत एक ल्युसीन कमी किंवा जास्त असते. जुन्या प्रमाण-क्रमात ते कमी होते, नव्या प्रमाण-क्रमात ते आहे, म्हणून पुढचे सगळे आकडे एकाने सरकले. बदल तोच आहे. जुने लेख वाचताना हे ध्यानात ठेवले नाही तर एकाच बदलाचे दोन बदल होतात.

आता छद्मजनुक. सीवायपी२१ए२ हे सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, ऊतक-जुळणी ठरवणाऱ्या एचएलए जनुकांच्या वस्तीत आहे. त्याच्यापासून सुमारे ३० हजार बेसजोड्यांवर त्याचीच एक जुनी प्रत पडून आहे. दोघांच्या एक्झॉनमध्ये (प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागांत) सुमारे ९८ टक्के साम्य आहे, पण त्या जुन्या प्रतीत इतक्या चुका साचल्या आहेत की तिच्यापासून विकर बनू शकत नाही. इतकी सारखी दोन जनुके शेजारी असली की जननपेशी बनताना गुणसूत्रांच्या जोड्या चुकीच्या जागी जुळतात. कधी मधला पूर्ण भाग गळून अर्धे छद्म आणि अर्धे खरे असे संकरित जनुक तयार होते, तर कधी छद्मजनुकातली एखादी छोटी चूक खऱ्या जनुकात जशीच्या तशी उतरते. या विकाराला कारण ठरणारे बहुतांश बदल अशा शेजाऱ्याकडून आलेल्या चुका आहेत. तुमच्या अहवालातले दोन्ही बदल त्याच यादीतले आहेत. अगदी नव्याने उद्भवणारे बदल साधारण एक ते दोन टक्केच असतात.

हेच साम्य प्रयोगशाळेत आमची कसोटी पाहते. जनुकाचा क्रम आखूड तुकड्यांत वाचला तर एखादा तुकडा खऱ्या जनुकाचा की छद्मजनुकाचा हे सांगता येत नाही. म्हणून आठ बेसजोड्यांच्या एका विशिष्ट तुकड्याचा आधार घेतला जातो, जो खऱ्या जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमध्ये आहे आणि छद्मजनुकात गळलेला आहे. त्या जागेवर बसणारे प्रारंभक (प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून आधी केवळ खऱ्या जनुकाच्या प्रती वाढवायच्या आणि मग त्या वाचायच्या, आणि जनुकाच्या प्रती किती आहेत हे वेगळ्या चाचणीने मोजायचे, अशी दुहेरी पद्धत वापरावी लागते.

आता भाऊजींच्या प्रश्नाकडे येते. बाळात दोन बदल सापडले, पण ते दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत की एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत, हे केवळ बाळाच्या रक्तावरून बहुतेक वेळा कळत नाही. एकाच संकरणात अनेक चुका एकदम उतरू शकतात, त्यामुळे दुसरी शक्यता केवळ कागदावरची नाही. दोन्ही बदल आईकडून आलेल्या एकाच गुणसूत्रावर असतील, तर वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर अजून न सापडलेला तिसरा बदल असला पाहिजे, कारण बाळाच्या रक्तातील रसायने आजार स्पष्ट दाखवत आहेत. आईवडिलांचे नमुने मिळाले की हे कोडे एका दिवसात सुटते. पुढच्या बाळाच्या वेळी नेमके काय तपासायचे, हेही त्यावरच ठरते. प्रत्येक गर्भारपणात हा विकार उतरण्याची शक्यता चारात एक आहे.

उलट दिशेची एक चूकही मी पाहिली आहे. ३१८ व्या जागी प्रथिन अर्धवट थांबवणारा एक बदल आहे. नव्या मोजणीत ती जागा ३१९ वी येते. काही लोकांच्या एकाच गुणसूत्रावर सीवायपी२१ए२ च्या दोन प्रती असतात, त्यांतील एकीत हा बदल आणि दुसरी पूर्ण निरोगी. प्रतींची संख्या न मोजता अहवाल दिला तर निरोगी माणसाला वाहक ठरवले जाते आणि एखाद्या जोडप्याचे काही महिने विनाकारण काळजीत जातात. म्हणून आईवडिलांचे नमुने मागणारी प्रयोगशाळा तुमच्याकडून जास्तीचे काही मागत नाही, ती आपले काम नीट करते आहे असे भाऊजींना जरूर सांगा.

उत्तर: ग्रंथीविचार

मी बालरोग-अंतःस्रावी विभागात काम करतो. मीठ का टिकले, या प्रश्नाचे उत्तर देतो. एक आधीच स्पष्ट करतो की मी बाळाला तपासलेले नाही, त्यामुळे औषधांचे निर्णय त्याच्या डॉक्टरांचेच राहतील.

उत्तर मात्रेत आहे. प्रौढ माणसाची अधिवृक्क ग्रंथी दिवसाला कॉर्टिसोल मिलिग्रॅममध्ये बनवते, साधारण दहाच्या आसपास. अल्डोस्टेरॉन ती बनवते मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास. म्हणजे मागणीत शंभरपटीच्या घरातला फरक आहे. अहवालातला दुसरा बदल, १७३ व्या जागेचा, विकराची एक ते दोन टक्के क्षमता शिल्लक ठेवतो. कॉर्टिसोलसाठी ती अगदी अपुरी आहे, अल्डोस्टेरॉनसाठी मात्र जेमतेम पुरते, आणि तीही शरीराने रेनिन वाढवून ग्रंथीला अधिक ढोसल्यावर. तुम्ही लिहिलेले किंचित वाढलेले रेनिन हे त्या ओढाताणीचेच चिन्ह आहे. दुसऱ्या इंट्रॉनमधला बदल आरएनए चुकीच्या जागी कापायला लावतो आणि त्यातून जवळजवळ काहीच विकर मिळत नाही. दोन बदल वेगवेगळ्या तीव्रतेचे असले की आजाराचे स्वरूप सौम्य बदलावर ठरते, कारण त्याच्यापासून मिळणारे विकर दोघांत जास्त असते. २८१ व्या (नव्या मोजणीत २८२ व्या) जागेचा आणखी सौम्य बदल २० ते ५० टक्के क्षमता राखतो. तो असलेल्या व्यक्तींना लहानपणी काहीच जाणवत नाही, मोठेपणी पुटकुळ्या, अंगावर अधिक केस किंवा अनियमित पाळी एवढेच दिसते, आणि काहींना तेही नाही.

मग मीठ टिकलेले असूनही फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि मीठ का दिले, असा पुढचा प्रश्न ताई विचारतील. तान्ह्या बाळाचे मूत्रपिंड अल्डोस्टेरॉनला कमी दाद देते आणि दुधात सोडियम थोडे असते. एक टक्का विकरावर चाललेला तो तोल उलटी किंवा तापासारख्या साध्या निमित्ताने ढळू शकतो. विकाराच्या पूर्ण स्वरूपातील सुमारे तीन चतुर्थांश बाळांमध्ये क्षार टिकत नाहीत आणि त्यांना पहिल्या तीन आठवड्यांत गंभीर धोका असतो. मुलींमध्ये बाह्य जननेंद्रियांतील बदलामुळे जन्मतःच शंका येते. मुलग्यांत तसे काहीच दिसत नाही, त्यामुळे टाचेच्या रक्ताची चाचणी नसती तर तुमच्या भाच्याचे निदान तो तीन-चार वर्षांचा झाल्यावर, उंची झपाट्याने वाढून वयाआधी लव दिसू लागल्यावर झाले असते आणि तोपर्यंत हाडांचे वय बरेच पुढे गेले असते.

एक व्यावहारिक सूचना. अडीच महिन्यांच्या निरोगी मुलग्यातही वृषणे तात्पुरती जागी झालेली असतात आणि टेस्टोस्टेरॉन नैसर्गिकरीत्या वाढलेले असते. त्यामुळे या वयात त्या आकड्यावरून उपचार कमी पडत आहेत असा निष्कर्ष काढू नये. आणि ताप आल्यास हायड्रोकॉर्टिसोन किती वाढवायचे, उलटीमुळे औषध पोटात टिकले नाही तर इंजेक्शन कसे द्यायचे, याची लेखी सूचना घरात हाताशी असू द्या. निरोगी शरीर आजारपणात कॉर्टिसोल आपोआप वाढवते. या बाळासाठी ती वाढ मोठ्या माणसांनी करायची आहे.

उत्तर: तिसरा बाण

रसायनवाट यांच्या विवेचनात एक पुरवणी जोडतो. १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन निदानाचे उत्तम चिन्ह आहे हे खरे, पण ते केवळ याच विकाराचे चिन्ह नाही. एचएसडी३बी२ हे जनुक सदोष असेल तर तर्काने १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन बनताच कामा नये, कारण त्या जनुकापासून बनणारे विकर त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. तरीही अशा बाळांत ते वाढलेले सापडते. कारण पहिल्या गुणसूत्रावर एचएसडी३बी१ नावाचे भावंड-जनुक आहे, जे वार (प्लॅसेंटा), यकृत, त्वचा अशा ठिकाणी काम करते. ग्रंथीबाहेर पडलेला १७-हायड्रॉक्सिप्रेग्नेनोलोनचा साठा ते तिथे पुढे ढकलते. नुसत्या एका आकड्यावर थांबलेले निदान इथे चुकते. २१-डीऑक्सिकॉर्टिसोल हा रेणू अधिक नेमका आहे: साचलेल्या १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनवर सीवायपी११बी१ ने काम केले की तो बनतो, आणि निरोगी माणसात तो नगण्य असतो.

उत्तर: रसायनवाट

पुरवणी पूर्णपणे मान्य. माझ्या वाक्यात "उत्तम चिन्ह" याच्यापुढे "इतर रेणूंसोबत पाहिल्यास" हे शब्द हवे होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तर कोणताही दोष नसतानाही हा आकडा चढतो.

पुढील शंका: अभ्यासिका

सर्वांचे मनापासून आभार. मात्रेचा हिशेब वाचून ताई पहिल्यांदाच निवांत झाली. "म्हणजे त्याचे थोडे तरी विकर काम करते आहे," असे तिने दोनदा म्हटले.

आता तिच्याच प्रश्नावरून निघालेली एक शंका. कॉर्टिसोन आणि हायड्रोकॉर्टिसोन यांत फरक फक्त ११ व्या कार्बनवरचा आहे, एकात कीटोन आणि दुसऱ्यात हायड्रॉक्सिल. मग बाळाला हायड्रोकॉर्टिसोनच का? शिवाय ही अदलाबदल करणारी ११-बीटा-एचएसडी१ आणि ११-बीटा-एचएसडी२ अशी दोन विकरे तक्त्यात एकाच दुहेरी बाणावर लिहिलेली असतात. एकाच कामाला दोन जनुके कशासाठी?

उत्तर: रसायनवाट

ते एकच काम नाही, आणि तो दुहेरी बाण हा तक्त्याचा सर्वात मोठा दोष आहे. सीवायपी कुळातील विकरांच्या प्रक्रिया एकेरी असतात, परत फिरत नाहीत. एचएसडी कुळातील विकरे रासायनिकदृष्ट्या दोन्ही दिशांना जाऊ शकतात, पण जिवंत पेशीत प्रत्येकाची दिशा भोवतालचे सहघटक (विकराला साथ देणारे छोटे रेणू) ठरवतात.

हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे प्रत्यक्ष कॉर्टिसोलच. कॉर्टिसोन स्वतः निष्क्रिय आहे. ज्या कॉर्टिसोनच्या संशोधनासाठी केंडल, राइखस्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते संधिवाताच्या रुग्णांवर उपयोगी पडले ते यकृतातील ११-बीटा-एचएसडी१ त्याचे कॉर्टिसोल करत असल्यामुळे. तेच कॉर्टिसोन मलम म्हणून त्वचेवर लावले तर विशेष गुण येत नाही. ही रूपांतराची क्षमता व्यक्तीगणिक बदलते, म्हणून तान्ह्या बाळाला जो रेणू हवा तोच सरळ देणे सुरक्षित.

११-बीटा-एचएसडी१ या दिशेने चालते यामागे आणखी एक जनुक आहे. हे विकर आंतर्द्रव्यजालिका या पेशीतील पटलांच्या जाळ्याच्या आतल्या पोकळीत बसते आणि तिथे त्याला एनएडीपीएच हा सहघटक लागतो. तो पुरवण्याचे काम शेजारीच असलेले हेक्सोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज करते. त्याचे जनुक सदोष असेल तर ११-बीटा-एचएसडी१ स्वतः पूर्ण निरोगी असूनही उलट दिशेने वळते आणि कॉर्टिसोलचे कॉर्टिसोन करू लागते. विकराची दिशा त्याच्या स्वतःच्या जनुकात लिहिलेली नाही, शेजाऱ्याच्या जनुकात लिहिलेली आहे, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

११-बीटा-एचएसडी२ मूत्रपिंडात उलट काम करते आणि तिथे ते पहारेकरी आहे. १९८७ साली अल्डोस्टेरॉनच्या ग्राहीचे जनुक वेगळे केले गेले तेव्हा आढळले की हा ग्राही कॉर्टिसोललाही तितक्याच घट्टपणे धरतो, आणि रक्तात कॉर्टिसोल तर कितीतरी जास्त. मग मूत्रपिंडाला अल्डोस्टेरॉनचा आवाज ऐकू येतो कसा? पुढच्याच वर्षी उत्तर मिळाले: त्या पेशींत ११-बीटा-एचएसडी२ कॉर्टिसोलचे कॉर्टिसोन करून त्याला ग्राहीपासून दूर ठेवते. हे विकर जन्मतः सदोष असेल तर अल्डोस्टेरॉन अगदी कमी असूनही रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. ज्येष्ठमध दीर्घकाळ आणि जास्त प्रमाणात खाल्ल्यावर तेच होते, कारण त्यातील ग्लिसऱ्हेटिनिक आम्ल हे विकर अडवते. फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या ९ व्या कार्बनवर फ्लोरिन आहे आणि त्यामुळे हा पहारेकरी त्याला सहजासहजी निकामी करू शकत नाही. तुमच्या भाच्याला त्याची इतकी लहान मात्रा पुरते, त्यामागचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

उत्तर: अभ्यासिका

आईवडिलांच्या नमुन्यांचा अहवाल आज आला. इंट्रॉनमधला बदल भाऊजींकडून आला आहे आणि १७३ व्या जागेचा ताईकडून. दोन्ही बदल वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत आणि प्रतींच्या संख्येतही काही वावगे नाही. मी वहीतला तक्ता पुन्हा काढला आहे. या वेळी ग्रंथी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्यासाठी तीन वेगळी पाने घेतली आणि बाण जाड-बारीक काढले. ते पान ताईने औषधांच्या डब्यावर चिकटवले आहे.

अहवाल वाचताना एक विचार मनात आला आणि तो घरी बोलले नाही. ताईकडे हा बदल आहे, तर माझ्याकडेही असू शकतो का?

उत्तर: जनुकवाचन

हो, असू शकतो, आणि विचारले हे चांगले केले. ताईंना हा बदल तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आला असणार, म्हणून तुम्ही वाहक असण्याची शक्यता दोनात एक आहे. वाहक असणे म्हणजे आजार नव्हे. एका निरोगी प्रतीवर ग्रंथीचे काम व्यवस्थित चालते आणि कोणत्याही उपचाराची गरज नसते.

पुढचा हिशेबही मांडते. या विकाराच्या पूर्ण स्वरूपाचे वाहक सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे ६० जणांत एक असतात. जोडीदार नात्यातला नसेल आणि त्याची तपासणी झालेली नसेल, तर तुमच्या बाळाला हा विकार होण्याची शक्यता दोनात एक गुणिले साठात एक गुणिले चारात एक, म्हणजे सुमारे ४८० मध्ये एक येते. तुमची तपासणी सोपी आहे, कारण कोणता बदल शोधायचा हे आता माहीत आहे. नमुना पाठवताना ताईंच्या अहवालाची प्रत सोबत जोडा आणि जागा १७२ व १७३ अशी दोन्ही मोजणींत लिहा.